ब्रिटनला येताय? लायसन्सचे बारा महिने आधी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेमध्ये पुण्याहून रेडिंगला यायचंय, सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. पंधरा वर्षं गाडी चालवताय, तेव्हा भारतीय लायसन्सवर भागेल का, गाडी लगेच घ्यावी का, आणि 'तिकडचे नियम हल्ली फार बदलले' असं मित्र म्हणतो त्यात तथ्य किती?

मित्र खरं बोलतोय. पण बदललेल्या नियमांपेक्षा एक न बदललेला नियम तुम्हाला जास्त छळेल, म्हणून तो आधी. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं. तेरावा महिना लागला की तुमची पंधरा वर्षं शून्य. काही देशांची लायसन्स इथे नुसती बदलून मिळतात, भारत त्या यादीत नाही. म्हणजे लर्निंगपासून सगळं पुन्हा.

मी २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून आलो. वर्षभर आहे की, बघू निवांत, असं म्हणत सहा महिने काढले. मग कळलं की प्रॅक्टिकल टेस्टची तारीखच मिळत नाही. जी मिळाली ती बाराव्या महिन्यातली, आणि त्यात मी नापास झालो. पुढची तारीख मिळेपर्यंत मुदत संपली. गाडी दारात, हप्ता चालू, आणि मी पुढेमागे लाल 'एल' चिकटवून, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान सहकाऱ्याला शेजारी बसवून दूध आणायला जातोय. शेजारी बसणारा २१ च्या वरचा आणि तीन वर्षं लायसन्सधारक लागतो, त्यात तो बसत होता. मुलगा सज्जन; पण दर वळणाला सीटचा कडा घट्ट धरायचा ते मी विसरलेलो नाही.

तेव्हा घराचा पत्ता झाला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनलचा, म्हणजे इथल्या शिकाऊ लायसन्सचा, अर्ज टाका, ऑनलाइन ३४ पौंड. प्रोव्हिजनल घेतलं की भारतीय लायसन्स बाद होतं हा गैरसमज इथल्या आपल्या लोकांत घट्ट बसलाय आणि त्यापायी लोक अर्जच लांबवतात. तसं काही नाही. पहिल्या बारा महिन्यांत प्रोव्हिजनल खिशात असलं तरी तुम्ही भारतीय लायसन्सवर एकटे, 'एल'शिवाय चालवू शकता. फक्त ते भारतीय लायसन्स त्या काळात संपता कामा नये. तेव्हा निघण्यापूर्वी त्यावरची तारीख बघा आणि जवळ आली असेल तर आरटीओचं काम तिथेच उरका.

मग थिअरी, २३ पौंड. ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत. ते पाठ होतं. दुसऱ्या भागात चौदा व्हिडिओ क्लिप दाखवतात आणि धोका दिसू लागला की क्लिक करायचं. ७५ पैकी ४४ गुण लागतात. आपला माणूस इथे मार खातो, कारण त्याला पडद्यावरची प्रत्येक हालचाल धोका वाटते. सारखं क्लिक करत राहिलात तर त्या क्लिपचे गुण शून्य! कुत्रा, सायकल, रिक्षा असा सगळीकडे डोळा ठेवून गाडी चालवणाऱ्याला हा अपमानच वाटतो. थिअरीचा निकाल दोनच वर्षं चालतो हेही ध्यानात ठेवा.

प्रॅक्टिकलची फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. खरी किंमत तारखेची आहे. बुकिंग फार तर २४ आठवडे पुढचं होतं आणि कित्येक केंद्रं तेवढी भरलेली असतात. यातूनच दलाली माजली: बॉट (आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम) लावून तारखा उचलायच्या आणि गरजूंना चढ्या भावाने विकायच्या. एजंट ही जात फक्त आपल्या आरटीओच्या दारात असते असं मला वाटायचं. त्याला आळा घालायला नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की यापुढे तारीख शिकणाऱ्याने स्वतःच घ्यायची, ड्रायव्हिंग स्कूलनेसुद्धा नाही. त्याआधी, ८ एप्रिल २०२५ पासून, तारीख रद्द करायची किंवा बदलायची तर पूर्ण १० कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, नाहीतर फी बुडाली. पूर्वी तीन दिवस पुरायचे. थोडक्यात, थिअरी पास झालात त्याच संध्याकाळी प्रॅक्टिकल बुक करा आणि तयारी मागाहून करा. टेस्ट गिअरच्या गाडीवर द्या. ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं.

आता मी नापास का झालो ते सांगतो, कारण त्यातच सगळ्यात मोठा नियमबदल आहे. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमपुस्तकात, रस्त्यावरची उतरंड बदलली. जो जास्त इजा करू शकतो त्याच्यावर जास्त जबाबदारी. पायी चालणारा सगळ्यांत वर. तुम्ही बाजूच्या रस्त्याला वळताय आणि तोंडाशी कोणी ओलांडायला नुसतं उभं असेल, तरी थांबायचं. मी डावीकडे वळत होतो. कोपऱ्यावर एक आजीबाई ट्रॉलीची पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि कोल्हापुरी हिशेबाने ठरवलं की त्या थांबतील. त्यांनी इथल्या हिशेबाने पाऊल टाकलं. माझा पाय ब्रेकवर जायच्या आत परीक्षकाचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला होता. बाई शांतपणे पलीकडे गेल्या, मला हात करून 'थँक यू'ही म्हणाल्या. बारीकसारीक चुका पंधरापर्यंत माफ असतात. ही एकच गंभीर नोंद पुरली. उरलेली पंचवीस मिनिटं मी अतिशय उत्तम गाडी चालवली.

हेडलाइटचंही तसंच. आपल्याकडे अप्पर मारला की 'मी येतोय, थांब'. इथे समोरचा दिवे मारतो तेव्हा बहुतेक वेळा 'तू जा आधी' म्हणत असतो. दोन्हीकडे गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं आणि हात जुन्या सवयीने चालतात.

पास झाल्यावर दोन वर्षं तुम्ही कायद्याच्या लेखी 'नवे चालक'. त्या काळात लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, थिअरीपासून पुन्हा. आणि फोनचा नियम मार्च २०२२ पासून इतका कडक झालाय की हातात धरून गाणं बदललं तरी २०० पौंड आणि सहा पॉइंट. म्हणजे एका गाण्यात खेळ खलास. सिग्नलला उभे असलात तरी तोच नियम. फोन स्टँडवर लावा.

पैसे जातात ते न दिसणाऱ्या नाक्यांवर. टोलनाका नाही, बूम नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे भरायचं तुम्ही आठवणीने. साउथॉलला डाळ-तांदूळ आणायला तुम्ही जाणारच, आणि ते २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या युलेझ हद्दीत, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज पैसे पडतात त्या भागात, आलंय. गाडी जुनी असेल तर दिवसाला १२.५० पौंड. साधारण २००६ नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल सुटते, पण स्वस्तात जुनी डिझेल दिसली की हे आठवा. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा कंजेशन चार्ज (गर्दीचं शुल्क) २ जानेवारी २०२६ पासून १५ वरून १८ पौंड झाला आणि इलेक्ट्रिक गाड्यांची पूर्ण माफी गेली. त्यांना एप्रिल २०२५ पासून रोड टॅक्सही आहे. लंडनच्या पूर्वेला थेम्स ओलांडणारा डार्टफर्डचा पूल-बोगदा सप्टेंबर २०२५ पासून ३.५० पौंड, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरायचे. मी तिसऱ्या दिवशी भरायला गेलो होतो, दंड किती झाला ते घरात अजून सांगितलेलं नाही.

एम फोर मोटरवेने कार्डिफकडे गेलात तर वेल्समध्ये वस्तीतला वेग सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारणपणे ताशी २० मैल आहे. इंग्लंडात तो ३०.

मुलीसाठी कारसीट लागेल: १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर. मांडीवर घेऊन बसणं विसरा. पाच पूर्ण झाल्यामुळे ट्रेनमध्ये तिला अर्धं तिकीट पडेल. विनातिकीट सापडलात तर दंड १०० पौंड अधिक भाडं. लायसन्स मिळेपर्यंत ई-स्कूटर घेऊ, असं मनात असेल तर काढून टाका. स्वतःची ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, पोलीस उचलून नेतात. बस बरी. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी एका फेरीचं भाडं ३ पौंडांच्या वर जात नाही. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा २ पौंड होती.

गाडी लगेच घ्यावी का? भारतीय लायसन्सवर विमा महाग पडतो आणि तिकडचा नो क्लेम बोनस इथे बहुतेक कंपन्या धरत नाहीत. रेडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत ट्रेन पोचते. स्टेशनच्या आसपास घर मिळालं तर पहिले सहा-आठ महिने गाडी नसली तरी काही अडत नाही, असं माझं मत. आमच्या घरात ते अजून मंजूर झालेलं नाही.