नववीतल्या मुलीला शाळेच्या देवाणघेवाणीसाठी जर्मनीला पाठवावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववी संपवते आहे, शाळा मे महिन्यात दोन आठवडे जर्मनीला नेणार आहे, तिकडे ती एका कुटुंबात राहणार आणि दिवाळीच्या सुमारास त्या घरची मुलगी तुमच्याकडे येणार. तुमचं घर वन बीएचके, खाणं शाकाहारी, खर्च मोठा आणि पुढे दहावी. मी पुण्यात शाळेत जर्मन शिकवते. मुलांना घेऊन तिकडे गेले आहे आणि तिकडची मुलं आपल्याकडे राहायला आली तेव्हा त्यांची व्यवस्थाही पाहिली आहे. माझं मत: पाठवा, पण हा परदेश दौरा आहे असं समजून पाठवू नका. दोन घरांनी एकमेकांची मुलं काही दिवस सांभाळायची असा हा करार आहे. त्यातला तुमच्या घरातला अर्धा भाग जमणार असेल तरच हो म्हणा.

आधी शाळेत जाऊन विचारा, समोरची शाळा कोणती? खऱ्या देवाणघेवाणीत त्या शाळेचं नाव ठरलेलं असतं, दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांशी बोलत असतात, कोणाची जोडी कोणाशी हे काही महिने आधी कळतं आणि परतीची भेट वेळापत्रकात असते. राहणं-जेवण त्या कुटुंबाकडे असतं, त्याचे पैसे लागत नाहीत. मुख्य खर्च विमानाचं तिकीट, विमा आणि तिकडच्या सहली एवढाच. पत्रकात हॉटेलं, पॅरिस, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि मधेच 'शाळेला भेट' असा अर्धा दिवस दिसला, तर ती सहल आहे. सहलीलाही जावं, पण त्यासाठी कर्ज काढू नये.

अनोळखी लोक आपल्या मुलीला फुकट का ठेवून घेतील, ही तुमची शंका मी खूप पालकांकडून ऐकली आहे. जर्मनीत ही पद्धत पिढ्यांची आहे. एकमेकांशी वारंवार लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने जानेवारी १९६३ मध्ये मैत्रीचा एलिझे करार केला, त्याच वर्षी तरुणांच्या भेटींसाठी दोघांनी मिळून संस्था काढली आणि तेव्हापासून लाखो मुलं एकमेकांकडे राहून आली. त्यामुळे तुमच्या मुलीला सांभाळणारी आई स्वतः शाळकरी वयात कुणा फ्रेंच घरी राहिलेली असणं अगदी शक्य आहे. आपल्याकडचे धागेही जुने आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पुणे-ब्रेमेन मैत्रीची खूण म्हणून औंधला ब्रेमेन चौक आहे आणि जर्मन शिकवणाऱ्या जगभरच्या शाळांना जोडण्यासाठी २००८ साली जर्मन परराष्ट्र खात्याने सुरू केलेल्या 'पाश' उपक्रमात भारतातल्याही शाळा आहेत.

दहावीची काळजी नको. आपली मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा तिकडच्या शाळा चालू असतात, कारण त्यांची मोठी सुट्टी राज्यागणिक जूनच्या शेवटापासून पुढे कधीतरी लागते. म्हणजे तिला वर्गात बसायला मिळेल आणि इकडचं काही बुडणार नाही.

आता खाण्याचं. शाकाहार तिकडे सगळ्यांना कळतो, पण अर्जात नेमकं लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, केकमधलं चालतं की नाही. जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, हे मुलीला माहीत असू द्या. पोटाला जड जातं ते वेगळंच. अनेक घरांत रात्रीचं जेवण थंड असतं, पाव, चीज, काकडी, टोमॅटो. गरम आमटी-भाताशिवाय झोपायची सवय नसलेली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडवेली होतात आणि घरी फोन करून 'इथे जेवायला देत नाहीत' म्हणतात. देतात, पण तेच त्यांचं जेवण असतं. जाण्याआधी घरी चार-पाच रात्री असं जेवून पाहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणायला शिकवा. आपल्याकडे 'अजून घे' म्हटल्यावर आधी 'नको' म्हणायचं, मग आग्रह झाल्यावर घ्यायचं, हे मुलांच्या अंगात मुरलेलं असतं. तिकडे 'नको' म्हणजे नको. भांडं पुढे जातं आणि परत येत नाही. भूक लागली, थंडी वाजते, दमले, ही वाक्यं तिला जर्मनमध्ये आणि इंग्रजीतही न लाजता बोलता आली पाहिजेत. व्याकरण मागे राहिलं तरी चालेल.

खाऊ पाठवताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतात. आंब्यालाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून हापूस राहू द्या. बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की चालते. जाडे पोहे द्या आणि तिला कांदेपोहे स्वतः करता येऊ देत, कारण एक संध्याकाळ आपण स्वयंपाक करायचा, हे यजमानांना फार आवडतं. तळणीचं काही नको. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर आणि बैठक एकच असते आणि तेलाचा वास दिवसभर राहतो.

ज्या विषयावर मी मुलांशी सगळ्यात जास्त वेळ बोलते, तो हा. आपल्याकडे कडक मास्तरांना 'हिटलर' म्हणतात, त्याचं आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाडीवर मिळतं आणि मुलं सहज बोलून जातात की माणूस शिस्तीचा होता. जर्मन वर्गात हे वाक्य उच्चारलं तर सगळा वर्ग गप्प होतो. नाझी सलाम आणि नाझी चिन्हं दाखवणं हा तिथे दंड संहितेच्या कलम ८६ अ खाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, पुरातन आणि मंगल, हे आपल्याला माहीत आहे, पण रेल्वेत शेजारी बसलेल्या आजोबांना तिच्या पिशवीवर फक्त नाझींचं चिन्ह दिसतं. म्हणून भेटवस्तू, ओढणी, कंपास, मोबाइलचं कव्हर तपासा. गणपती द्या, वारली चित्र द्या, पण स्वस्तिकाचं तोरण नको. घरच्यांनी कुतूहलाने विचारलं, तर त्याचा आपल्याकडचा अर्थ तिला शांतपणे सांगता यावा. उत्तर जर्मनीतल्या शाळा पाहुण्या मुलांना अनेकदा बेर्गेन-बेल्सेनच्या स्मारकाला नेतात. डायरीमुळे जगाला माहीत झालेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक १९४५ साली याच छळछावणीत मरण पावली. तिथे सेल्फी काढत नाहीत. निघण्यापूर्वी त्या काळाबद्दल घरी एक पूर्ण संध्याकाळ बोला. पंधरा वर्षांच्या मुलीला ते नक्की कळतं.

काही गोष्टी शाळेच्या बैठकीत कोणी काढत नाही. तिकडे सोळाव्या वर्षापासून बिअर आणि वाइन कायद्याने चालते, त्यामुळे तिच्या जोडीदाराच्या मोठ्या भावंडांच्या हातात ती दिसेल. आपल्या गटाचा नियम काय, हे शिक्षकांनी लेखी द्यावं आणि तुम्ही मुलीशी न चिडता बोलावं. शाळेत सायकलने जाणं नेहमीचं आहे, तेव्हा तिला चालवता येत नसेल तर आत्तापासून शिकवा. न्हाणीघरात बादली नसते आणि फरशी कोरडी ठेवायची असते.

आणि फोन. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो. रोज संध्याकाळी एक ठरलेला छोटा फोन पुरे. दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल करणाऱ्या पालकांच्या मुली त्या घरात रुळतच नाहीत. त्या सतत आपल्या खोलीत, मनाने आपल्याच घरात असतात. यजमान आईच्याही मनाला ते लागतं. काही बिघडलं, तर आधी सोबतच्या शिक्षकांना कळवा. त्यांच्याकडे दुसऱ्या घराची सोय तयार असते की नाही, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

परतीच्या भेटीत वन बीएचकेची लाज नको. आपल्या शहरात माणसं अशीच राहतात आणि ती मुलगी तेच बघायला येते. नवा एसी घेऊ नका. झोपायला स्वतःची गादी, सामानाला कपाटाचा एक खण आणि दिवसातला तासभर एकटीचा वेळ, एवढं द्या आणि घराचे दोन-चार फोटो आधीच पाठवा. मी पाहिलेली सगळ्यात सामान्य चूक म्हणजे पालक रजा काढून शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड, मॉल आणि सहा नातेवाईक एका आठवड्यात बसवतात. पोरगी दमून आजारी पडते. दिवाळीत तिला करंजी भरायला बसवा, किल्ला करायला घ्या. पाणी उकळलेलं द्या, तिखट बाजूला द्या आणि 'पुरे' म्हणाली की पोळी वाढू नका. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, लोक तिला सी-फॉर्म म्हणतात. खासगी घरांनाही ती लागू आहे, म्हणून ती कोण भरणार हे शाळेकडून आधीच ठरवून घ्या.

व्हिसासाठी आजच पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, आणि शेंगेन व्हिसाला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं लागतात. अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि समोरच्या शाळेचं निमंत्रणपत्र हवं. शैक्षणिक कारणाने जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना व्हिसाचं शुल्क युरोपीय नियमाने माफ आहे, फक्त अर्ज केंद्राचं सेवाशुल्क पडतं. शाळेच्या अंदाजपत्रकात व्हिसा शुल्क म्हणून मोठी रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मेमध्ये निघायचं असेल तर फेब्रुवारीत कागद तयार असावेत, कारण मार्चपासून मुंबईत भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं.