लिंबू, वांगी आणि मुळ्याची पाने खाणारी अळी कशी ओळखावी?

पावसाळा सरल्यापासून धुळ्यातील आपल्या परसबागेत लिंबू, वांगी आणि मुळा या तिन्हींची पाने खाल्ली जात आहेत, तर ही अळी कोणती आणि सर्वांना एकच औषध चालेल का, असे आपण विचारले आहे. या तिन्ही झाडांवर एकच कीड असणे अवघड आहे, म्हणून फवारणीआधी प्रत्येक झाड वेगळे तपासावे.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि काडीने हलकेच डिवचली की डोक्यामागून नारिंगी-तांबडे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. ही खूण पटली की शंका उरत नाही. वाढलेल्या झाडाला अशा दोनचार अळ्या सहज सोसतात, त्यामुळे त्या मारू नयेत असे मला मनापासून वाटते. झाड लहान असेल तर त्या उचलून बेलावर सोडाव्यात, कारण बेलाची पानेही त्या खातात.

भरिताच्या वांग्याच्या पानाची जाळी झाली असेल, तर पान उलटून पाहावे. पिवळसर, अंगभर काटे असलेला किडा दिसला, तर ते ठिपकेदार भुंगेऱ्याचे पिल्लू आहे. तांबूस पाठीवर काळे ठिपके असलेले मोठे भुंगेरेही जवळपास सापडतात. पाने कुरतडलेली आहेत पण दिवसा काहीच दिसत नाही, अशी स्थिती असेल तर रात्री बॅटरी घेऊन पाहावे, कारण तंबाखूवरील अळी (नाव असे असले तरी ती वांग्यावरही येते) मोठी झाली की दिवसा मातीत लपते.

मुळ्यावरील काळपट अळीला हात लावताच ती वेटोळे करून खाली पडत असेल, तर तिचे पोटाखालचे मांसल पाय मोजावेत. पतंग-फुलपाखरांच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या असतात; आठ जोड्या भरल्या, तर ती मोहरीवरील माशीची अळी आहे.

औषधासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. अळ्यांसाठी विकले जाणारे बीटी (बॅसिलस थुरिंजेन्सिस) जिवाणूंचे औषध तंबाखूवरील अळी लहान असताना उपयोगी पडते, पण भुंगेऱ्यावर आणि या माशीच्या अळीवर चालत नाही. तेथे किडे वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत आणि 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो.