विंडोज आणि लिनक्सवर आयजीपीयूचा (प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्स चिपचा) वेग मोजून तुलना करायचीय? थांब जरा
नुसते एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) शेजारी ठेवून निकाल लावू नकोस. आधी लिनक्सवर रेंडरर (चित्र काढण्याचं काम करणारा) कोणता दिसतोय ते बघ. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल तर ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरच ओढतोय. ते आकडे सरळ कचऱ्यात. दुसरं, प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरलंस, तर गेमच्या डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स आज्ञांचं व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स प्रणालीत भाषांतर होतं, म्हणजे तू एकटा ड्रायव्हर मोजतच नाहीस. दोन्हीकडे मूळचा व्हल्कनवर चालणारा गेम घे. व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, नाहीतर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दोन्हीकडे ६० दिसतील आणि तू खूश! चार्जर लावलेला, पॉवर मोड सारखा. मेसाची (लिनक्सवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाची) आवृत्ती लिहून ठेव, नुसत्या 'लिनक्स'वरून काही कळत नाही. आणि आयजीपीयू कॉम्प्युटरचीच रॅम वापरतो, त्यामुळे तिची एकच स्टिक असेल, तर ड्रायव्हरवरून वाद घालण्याआधी दुसरी लाव बाबा.