टाळेबंदीत उघडलेली कपाटे पुन्हा का मिटली?

प्रश्न : मी इतिहासात पीएच.डी. करीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत इंटरनेट अर्काइव्हवर जी पुस्तके घरबसल्या लगेच मिळत होती, त्यांतली काही आता उघडतच नाहीत. तेव्हा जे चालले, ते आता का चालू नये? मी काय करावे?
— एक संशोधक, सांगली

उत्तर : ती सवलत मुळातच तात्पुरती होती. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने २४ मार्च २०२० रोजी सुमारे १४ लाख स्कॅन केलेल्या पुस्तकांची प्रतीक्षायादी उठवली. म्हणजे एका प्रतीमागे एकच वाचक हा स्वतःचाच नियम बाजूला ठेवून एकच पुस्तक एकाच वेळी कितीही जणांना देऊ केले. चार प्रकाशकांनी १ जूनला न्यूयॉर्कमध्ये स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) भंगाचा दावा दाखल केला, १६ जूनला सोय आटोपती घ्यावी लागली, २०२३ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो टिकला. पाच लाखांहून अधिक पुस्तके त्या देवघेवीतून बाहेर गेली.

याच सुमारास हाथीट्रस्ट या अमेरिकेतल्या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या सामायिक डिजिटल संग्रहाने सभासद ग्रंथालयाच्या कपाटात छापील प्रती जितक्या, तितक्याच वाचकांना एका वेळी ते पुस्तक पडद्यावर दिले आणि ग्रंथालयाचे दार उघडताच सोय थांबवली. वाचकाला हे कंजूषपणाचे वाटेल, पण ग्रंथपालाला विचाराल तर तो हाच मार्ग शहाणपणाचा म्हणेल.

टिकले ते वेगळेच. पूर्वी वर्गणीची ई-नियतकालिके बहुधा विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकावरच उघडत. आता इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘इन्फेड’सारख्या व्यवस्थेतून स्वतःच्या लॉगिनने ती घरी वाचता येतात. मात्र आपले नाव ग्रंथालयाने त्यात नोंदवलेले असावे लागते, आणि ते राहून गेले असण्याची शक्यता बरीच, म्हणून आधी तेच विचारून घ्या. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ पासून शासकीय संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके मिळू लागली आहेत; त्यात पुस्तके नाहीत.

जुन्या मराठी मासिकांसाठी यांतले काहीच फारसे कामाचे नाही. टाळेबंदीत मला हवा असलेला एक लेख ग्रंथपालांनी मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून पाठवला होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा होता आणि सातव्या पानाची शेवटची ओळ त्या अंगठ्याखाली गेली होती. ती ओळ मला ग्रंथालय उघडल्यावर प्रत्यक्ष जाऊनच वाचावी लागली. तरीही अशी विनंती आजही करून पाहा, फक्त मासिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठांक नेमके कळवा. ‘त्या काळातले काही असेल तर पाठवा’ असे लिहिल्यास कपाट उघडण्याचे कष्ट कोणी घेणार नाही.