मूळ संशोधन-पेपर उघडून बघ, मग बोल

पोरी,

तू पाठवलेलं आरोग्याच्या बातमीचं कात्रण वाचलं. दोन ठिकाणी "संशोधनात सिद्ध झालंय" म्हटलंय आणि संशोधन कुणी केलं, किती माणसांवर, कुठं छापून आलं याचा पत्ताच नाही. असलं काही तुझ्या प्रोजेक्टात घालू नकोस, सरळ बाजूला ठेव. आरोग्याचं खरं संशोधन असेल तर बहुतेक पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या वेबसाइटवर, सापडतं की, पूर्ण नाही मिळालं तरी गोषवारा बहुतेक वेळा फुकट वाचायला मिळतो.

आता आपल्याच जिल्ह्यातलं घे. २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बायकांवरची ट्रायल छापून आली, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या, आणि देणाऱ्या कोण तर खेड्यापाड्यातल्या एएनएम सिस्टर, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या सरकारी नर्सबाई. रक्त किती गेलं ते नजरेनं ठरवलं नाही, बाईच्या खाली प्लास्टिकची चादर घालून तिच्या खुणा केलेल्या पिशवीत मोजलं, ५०० मिली किंवा जास्त गेलं तरच रक्तस्राव धरायचा. मला विचारशील तर आकड्यांपेक्षा ही पिशवीच महत्त्वाची, कारण अंदाजपंचे मोजलं असतं तर पुढचं सगळं पाण्यात.

रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. पेपरवाला लिहिणार "निम्म्यावर", दुसरा कोणतरी गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर आला ते धरून "८० टक्क्यांहून जास्त घट" म्हणणार, आणि खोटं कुणीच बोलत नाहीये बघ. पण १०० मागं ५.६ कमी, म्हणजे १८ बायकांना गोळ्या दिल्या तर एकीचा रक्तस्राव टळला, हे सांगितलं की आशा ताईला पण कळतं आणि तिच्या सासूला पण. म्हणून टक्का दिसला की आधी विचारायचं, कशाचा टक्का, किती जणींतून किती? आणि "१८ मागं एक जीव वाचला" असं लिहू नकोस हां, तो आकडा रक्तस्रावाचा आहे, मरणाचा नाही.

लॅन्सेटचं नाव बघून पण भुलायचं नाही. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझमवाला १२ पोरांचा पेपर १९९८ ला तिथंच आला, मागं घेतला २०१० ला, आणि त्याचे फॉरवर्ड अजून फिरायलेत. २०२० चा, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देण्याबद्दलचा पेपर तर २२ मे ला आला आणि ४ जूनला गेला सुद्धा, मूळ डेटाच तपासायला मिळेना म्हणून. पबमेडवर असल्या पेपरच्या डोक्यावर रिट्रॅक्टेड (मागं घेतलेला) असं लिहिलेलं असतं, ते न बघता खाली उतरू नकोस.

अजून एक, हे आपल्याकडंच जास्त होतं. निपाणी-खानापूरकडं आपण मराठी पेपर वाचतो, त्यात कोल्हापूर-मुंबईकडची बातमी असली की "आरोग्य विभागानं सांगितलं" म्हणजे महाराष्ट्राचा विभाग, आपला तर कर्नाटकाचा, बेंगळुरूचा. योजनेचं कार्ड वेगळं, डेंग्यूचे आकडे वेगळे. तेव्हा डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसची कन्नड प्रेसनोट मागून घे, वाचायला अडलं तर वर्गातली कुणीपण कन्नड पोरगी दहा मिनिटांत सांगेल, आणि एनएफएचएस-५ ची, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, बेळगावची फॅक्टशीट इंग्लिशमध्ये आहेच, तुझ्या प्रोजेक्टातला आकडा त्यातल्या कुठल्या रकान्यातला तेवढं मला रविवारच्या आत कळव.

तुझा,
सर