वही परत द्या, गणित राहू द्या

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, पीसीएमबी. नीटचा क्लास लावलाय. पण ती सारखी वहीत जहाजं काढते. म्हणते, गरिबांसाठी तरंगतं हॉस्पिटल बांधायचंय. नागपूरला समुद्र कुठे? मला डॉक्टर होता आलं नाही, तिने तरी व्हावं. बायोकडे लक्ष राहावं म्हणून गणित सोडायला सांगितलंय. वही काढून घेतलीय, फोटो पाठवतो. तिला समजवा.
– एक वडील, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तुमच्या मनातली रुखरुख मला कळते. पण ती सोळा वर्षांच्या पोरीने फेडायची नसते. तिला डॉक्टर व्हायचंय का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. विचारलंय का कधी?

फोटो मी मोठा करून पाहिला. ऑपरेशन थिएटर तिने जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर काढलंय आणि शेजारी लिहिलंय, 'इथे कमी हलतं.' अगदी बरोबर. कॉरिडॉरच्या वळणावर स्ट्रेचर काढून बघितलंय, ते अडकतंय म्हटल्यावर भिंत खोडून मागे घेतलीय. अशी वही तुम्ही काढून घेतलीत, याचं मला फार वाईट वाटलं.

आता समुद्राचं. जहाजाचा आराखडा करणारा इंजिनिअर खलाशी नसतो, त्याला नौदलातही जावं लागत नाही. 'ग्लोबल मर्सी' हे 'मर्सी शिप्स' या संस्थेचं, मुद्दाम इस्पितळ म्हणूनच बांधलेलं जहाज : आराखडा फिनलंडच्या कंपनीचा, देखरेख स्वीडनच्या, बांधणी चीनमधल्या तियानजिनच्या गोदीत. २०२१ मध्ये ते तयार झालं. १७४ मीटर लांब, सहा ऑपरेशन थिएटर, २०० खाटा. आफ्रिकेतल्या बंदरात महिनोन्‌महिने धक्क्याला उभं राहून तिथल्या रुग्णांची ऑपरेशनं करतं. त्याच संस्थेचं आधीचं 'आफ्रिका मर्सी' तर मुळात डेन्मार्कची रेल्वेचे डबे नेणारी फेरीबोट. तिच्या पोटात इस्पितळ बसवलं, तेही इंजिनिअरांनीच.

शिक्षणाचं नाव नेव्हल आर्किटेक्चर : आयआयटी मद्रास किंवा खरगपूर, कोचीचं कुसॅट विद्यापीठ, विशाखापट्टणमची इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी. सगळीकडे गणित लागतं. ते आज सोडलं तर हे दार बंद.

बाळा, तुलाही एक सांगते. इस्पितळाची जहाजं जगात मोजकीच आहेत. नोकरीत बरीच वर्षं मालवाहू जहाजं आणि फेरीबोटीच हाताखालून जातील. ते चालेल का, याचा विचार कर. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर जाणारे बोट क्लिनिकही बघ. तिथे लहान बोटीत दवाखाना बसवलेला असतो.

भाऊ, नीटचा क्लास ठेवायचा की नाही, ते तिला विचारून ठरवा. वही मात्र आज संध्याकाळीच परत द्या, आणि ती भिंत मागे का घेतली, ते तिच्याकडून समजून घ्या.