ठीक, बारीक की दंड? ‘फाइन’विषयी चार प्रश्न

‘फाइन’ या शब्दावर या वेळी चार पत्रे आली. शब्द एकच असल्याने उत्तरे सलग देतो.

प्रश्न : आमच्या परदेशी साहेबांनी माझ्या अहवालावर ‘द रिपोर्ट इज फाइन’ एवढाच शेरा मारला. मी खूश झालो, पण शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणतात, हे कौतुक नव्हे. खरे काय? — एक वाचक, सातारा

सहकाऱ्यांचे बरोबर आहे. शाळेत आपण ‘फाइन म्हणजे छान, उत्तम’ असे पाठ केलेले असते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. शब्द वाक्यात कुठे बसला आहे ते आधी पाहा. नामाच्या आधी आला तर तो भारदस्त असतो : ‘शी इज अ फाइन सिंगर’ म्हणजे ती उत्तम गाते. तोच ‘इज’, ‘वॉज’, ‘ॲम’ यांच्यामागून आला की त्याची किंमत ‘ठीक’वर उतरते. ‘द सिंगर वॉज फाइन’ म्हणजे गायली बरी, तक्रार नाही. तुमचा अहवालही असाच ‘चालेल’ या खात्यात गेला आहे. साहेबांना खरोखर आवडला असता तर ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’, निदान ‘गुड’ तरी आले असते. यजमानांनी ‘जेवण कसे होते?’ विचारले तर ‘इट वॉज फाइन’ म्हणू नका, त्यांचा चेहरा पडेल. ‘डिलिशस’ म्हणा.

आपले ‘ठीक आहे’ या शब्दाच्या अगदी जवळ बसते, रागासकट. ‘आय ॲम गोइंग’ म्हटल्यावर समोरून नुसते ‘फाइन’ आले आणि पुढे शांतता पसरली, तर ते ‘जा, तुला हवं ते कर’ असते. कॉफी पुन्हा विचारल्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणजे ‘नको, पुरे’. उशिराबद्दल माफी मागितल्यावर ‘इट्स फाइन’ म्हणजे ‘असू दे’. ‘फाइन बाय मी’ म्हणजे ‘माझी हरकत नाही’. ‘अ फाइन मेस’मध्ये मात्र शब्द नामाआधी असूनही उपरोधाने येतो. मराठीत आपण ‘चांगलाच घोळ घातलास’ म्हणतो, तसाच.

तब्येतीच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. ‘आय ॲम व्हेरी फाइन’ म्हणत नाहीत. ‘व्हेरी वेल’ म्हणतात. आणि कोणी धडपडले तर ‘आर यू फाइन?’ऐवजी ‘आर यू ऑल राइट?’ विचारावे.

प्रश्न : ‘मी पाचशे रुपये फाइन भरला’ हे इंग्रजीत कसे म्हणावे? ‘पेनल्टी’ आणि ‘फाइन’ एकच का? — एक वाचक, नाशिक

‘भरला’वरून ‘फिल्ड’ करू नका. फॉर्म ‘फिल’ करतात, फाइन ‘पे’ करतात : ‘आय पेड अ फाइन ऑफ फाइव्ह हंड्रेड रुपीज’. क्रियापद म्हणून वापरला तर मध्ये ‘ऑफ’ किंवा ‘विथ’ घालायचा नाही, आणि कारण ‘फॉर’ने जोडायचे : ‘आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर जंपिंग अ सिग्नल’.

‘पेनल्टी’ हा मोठा डबा आहे. कैद, गुण कापणे, फुटबॉलमधली किक, सगळे त्यात येते. ‘फाइन’ म्हणजे त्यातला फक्त पैशाचा दंड. तो सरकारजमा किंवा संस्थेकडे जातो. नुकसान झालेल्या माणसाला मिळते ते ‘कॉम्पेन्सेशन’. ‘लेट फी’ आणखी वेगळी : आयकर विवरणपत्र उशिरा भरल्यावर लागणाऱ्या रकमेला आपला कायदा ‘फी’च म्हणतो, म्हणून पत्रव्यवहारात तिथे ‘फाइन’ लिहू नये.

प्रश्न : क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ कोणत्या अर्थाने फाइन? — एक वाचक, डोंबिवली

बारीक या अर्थाने. दोन्ही टोकांच्या यष्ट्या जोडणारी रेषा मनात धरा आणि ती फलंदाजाच्या पाठीमागे थेट सीमारेषेपर्यंत ओढा. चेंडू या रेषेशी जितका अरुंद कोन करून मागे जातो, तितका तो ‘फाइन’. रेषेशी काटकोनात गेला तर ‘स्क्वेअर’. म्हणजे मैदानावर ‘फाइन’चा विरुद्धार्थी शब्द ‘कोर्स’ (जाडाभरडा) नसून ‘स्क्वेअर’ आहे, आणि ही जोडी यष्टिरक्षकाच्या बाजूलाच चालते. समोरच्या बाजूला ‘फाइन’ची जागा ‘स्ट्रेट’ घेतो. कर्णधाराने लेगच्या क्षेत्ररक्षकाला ‘फाइनर’ असे ओरडून सांगितले, तर त्याने यष्टिरक्षकाच्या पाठीकडे सरकायचे.

प्रश्न : छान, बारीक आणि दंड हे तीन अर्थ एकाच शब्दात आले कसे? — एक वाचक, कोल्हापूर

मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट, सीमा. शेवटास नेलेले काम ते पूर्णत्वाला पोचलेले, म्हणून उत्तम. गाळ काढून शेवटापर्यंत शुद्ध केलेले ते निर्मळ, नाजूक, तलम, बारीक. आणि तंटा शेवटास न्यायला द्यावी लागणारी रक्कम तो दंड. ‘फायनल’, ‘फिनिश’, ‘रिफाइन’, ‘डिफाइन’ ही सगळी त्याच घरची, आणि ‘फायनान्स’सुद्धा, कारण मुळात त्याचा अर्थ देणे फेडून व्यवहार संपवणे असा होता.

शुद्धतेचा अर्थ आपल्या सराफ कट्ट्यावर रोज वापरात आहे. दागिन्यावरचा 916 हा आकडा सोन्याची ‘फाइननेस’ सांगतो : 1000 भागांत 916 भाग शुद्ध सोने. 22 ला 24 ने भागून पाहा, 0.9166 येते. 18 कॅरेटला म्हणूनच 750. तिथे ‘फाइन गोल्ड’ म्हणजे सुंदर सोने नव्हे, चोख सोने. बांधकामात उलट, ‘फाइन ॲग्रिगेट’चा शुद्धतेशी संबंध नाही. 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती वाळू, एवढाच अर्थ.

याच वाचकांनी ताजा कलम म्हणून विचारले आहे : पाककृतीत ‘फाइनली चॉप्ड’ लिहावे की ‘फायनली’? बारीक चिरलेला कांदा ‘फाइनली’, दोनच अवयव, ‘फाइन-ली’. ‘फायनली’त मध्ये ‘न’ चा अवयव वेगळा उच्चारतात, ‘फाय-न-ली’, आणि त्याचा अर्थ ‘शेवटी’. हॉटेलांच्या मेनूकार्डांवर ‘शेवटी एकदाचा चिरलेला कांदा’ सर्रास वाढलेला दिसतो. मशीन मात्र ‘फाइनली’ चालत नाही, ‘इट इज वर्किंग फाइन’.